अपवादाची वाक्यरचना : माहिती अधिकाराच्या आठव्या कलमाची एक चिकित्सा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याचे विवेचन आजवर बहुधा विधिज्ञांनी व कार्यकर्त्यांनी केले आहे. भाषाभ्यासकांनी या कायद्याकडे एक पाठ म्हणून फारसे पाहिलेले नाही. वस्तुतः या अधिनियमातील वादाचे मूळ पुष्कळदा त्याच्या आशयापेक्षा त्याच्या वाक्यरचनेत सापडते. नागरिकास माहिती मिळण्याचा हक्क आहे, हा नियम. आठव्या कलमातील दहा खंड हे त्याला अपवाद. हे अपवाद कसे वाचावयाचे, या एकाच प्रश्नावर नियमाचे सर्व भवितव्य अवलंबून आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, आठव्या कलमातील महत्त्वाचे अपवाद ही मुळात पूर्ण वाक्ये होती. कार्यालयीन व्यवहारात त्यांची केवळ नामे झाली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने त्यांतील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या खंडाला कायद्यातच नामाचे रूप दिले.

हे प्रतिपादन निराधार चर्चेत राहू नये म्हणून ते एका ठिकाणच्या कागदांवर तपासून पाहणे इष्ट होईल. त्यासाठी पवनमावळातील पवनानगरचा परिसर घेतला आहे. पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. तुंग, तिकोना व लोहगड या किल्ल्यांच्या पायथ्याच्या शेतजमिनी जलाशयाखाली गेल्या. या धरणाचे पाणी प्रामुख्याने पिंपरी-चिंचवड नगरीस व तेथील उद्योगांस मिळते. बाधित खातेदारांची संख्या १२०३ सांगितली जाते. त्यांपैकी ३४० खातेदारांचे पुनर्वसन झाले आणि ८६३ खातेदार अर्धशतकाहून अधिक काळ पर्यायी जमिनीची मागणी करीत राहिले. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. म्हणजे धरण पुरे झाल्यानंतरचा. त्यामुळे कोणाची किती जमीन गेली, त्यापैकी प्रत्यक्ष पाण्याखाली किती गेली, उरलेली कोणाच्या नावे राहिली, पर्यायी जमीन कोणास व कोठे दिली, या प्रश्नांची उत्तरे संपादनाचे निवाडे, फेरफार, मोजणीचे नकाशे व वाटपाच्या याद्या यांतच शोधावी लागतात. आज जलाशयाच्या काठावर बंगले व पर्यटकांचे तंबू उभे आहेत. त्यांच्याखालील जमिनीचा इतिहासही याच कागदांत आहे.

या कागदांचे मोल किती, हे सांगण्यास ९ ऑगस्ट २०११ ही तारीख पुरेशी आहे. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातील शेतकरी त्या दिवशी बऊर येथे पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. योजनेचे काम थांबले. त्यावरील स्थगिती २०२३ मध्ये उठविण्यात आली. पाणी कोणाचे व जमीन कोणाची, हा प्रश्न जेथे प्राणांवर बेततो, तेथे कागद पाहावयास मिळणे ही अभ्यासकाची हौस राहत नाही.

आता आठव्या कलमाच्या रचनेकडे वळू. त्याच्या पहिल्या पोटकलमातील खंड एकसारखे नाहीत. काही खंड वर्गवाचक आहेत. न्यायालयाने स्पष्टपणे मनाई केलेली माहिती, किंवा परकीय शासनाकडून विश्वासाने मिळालेली माहिती, यांत तो कागद त्या वर्गाचा आहे एवढे सिद्ध झाले की प्रथमदर्शनी अपवाद लागू होतो. परंतु बहुतेक महत्त्वाचे खंड परिणामवाचक आहेत. जी प्रकट केल्याने देशाच्या सार्वभौमत्वास बाध येईल, जी प्रकट केल्याने स्पर्धेतील त्रयस्थाच्या स्थानास हानी पोहोचेल, जी प्रकट केल्याने कोणाच्या जीवितास धोका उत्पन्न होईल, जी प्रकट केल्याने तपासाच्या प्रक्रियेत अडथळा येईल, अशी ती रचना आहे. येथे अपवादाचा भार नामावर नाही. तो ‘येईल’, ‘पोहोचेल’, ‘होईल’ या क्रियापदांवर आहे. माहिती तपासाविषयीची असणे पुरेसे नाही. ती दिल्याने तपास अडला पाहिजे. शिवाय व्यापारी गुपिते, विश्वासाश्रित संबंधातून मिळालेली माहिती आणि वैयक्तिक माहिती या तीन खंडांना आणखी एक उपवाक्य जोडलेले होते : व्यापक लोकहितासाठी ती देणे समर्थनीय असल्याची खात्री झाली नाही तर. म्हणजे अपवाद, त्याची अट आणि अटीलाही मर्यादा, असे हे तिपेडी वाक्य होय.

न्यायालयांनी या क्रियापदाचे महत्त्व वेळोवेळी ओळखले आहे. भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २००७ रोजी असा निर्णय दिला की, तपास चालू आहे एवढ्याच कारणाने माहिती नाकारता येणार नाही. ती दिल्याने तपास कसा अडेल हे कार्यालयाने दाखविले पाहिजे. ज्या दिवशी बऊर येथे गोळीबार झाला, त्याच दिवशी, म्हणजे ९ ऑगस्ट २०११ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला आणि परीक्षा मंडळाचा विश्वासाश्रित संबंधाचा दावा फेटाळला. पुढे १६ डिसेंबर २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेचाही तसाच दावा त्या न्यायालयाने अमान्य केला. या निर्णयांत समान सूत्र आहे. वर्गाचे नाव उच्चारल्याने अपवाद सिद्ध होत नाही.

कार्यालयीन पत्रव्यवहारात मात्र नेमके उलट घडते. नकाराच्या पत्राचा साचा आता इतका रूढ झाला आहे की त्यास एक स्वतंत्र लेखनप्रकार मानावयास हरकत नाही. ‘आपण मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची व वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ हे त्याचे नमुनेदार वाक्य. या वाक्यात मूळ कलमातील क्रियापद नाहीसे झाले आहे. हानी कोणती, ती कोणास, लोकहिताचा विचार झाला की नाही, यांपैकी काहीच उरलेले नाही. उरली ती दोन विशेषणे आणि ‘असल्याने’ हे कारणवाचक रूप.

याहून सूक्ष्म गोष्ट ‘देता येत नाही’ या प्रयोगात आहे. मराठीतील हा प्रयोग तीन भिन्न अर्थ एकत्र बांधतो. देणे शक्य नाही, देण्यास मनाई आहे आणि देण्याची इच्छा नाही, हे तिन्ही त्यात मावतात. आणि देणारा कोण, हे मात्र वाक्यात कोठेच येत नाही. ‘देणार नाही’ असे लिहिणाऱ्यास निर्णयाची जबाबदारी घ्यावी लागते. ‘देता येत नाही’ असे लिहिले की नकार हा जणू निसर्गनियम ठरतो. अधिनियमाची अपेक्षा याच्या विरुद्ध आहे. कलम ७(८) अन्वये नकाराची कारणे कळवावी लागतात, आणि कलम १९(५) अन्वये अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार नकार देणाऱ्या अधिकाऱ्यावर असतो. कायद्याला कर्ता हवा आहे. पत्र कर्ता लपविते.

‘अभिलेख आढळून येत नाही’ हे याच कुळातील दुसरे वाक्य. जुन्या जमिनीच्या कागदांविषयी ते वारंवार वाचावयास मिळते. शोधले कोणी, कोठे, किती दिवस, याचा पत्ता त्यात नसतो. गहाळ होणे हा आठव्या कलमातील अपवाद नाही, हे येथे विसरता कामा नये. विश्वास भांबुरकर यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१३ रोजी हेच स्पष्ट केले. एके काळी उपलब्ध असलेली माहिती सापडत नसेल तर कसून शोध घ्यावा, चौकशी करावी आणि जबाबदारी निश्चित करावी, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

जमिनीचे कागद आणि सत्ता यांचे नाते महाराष्ट्रास नवे नाही. पेशवे दप्तर इंग्रजी अमदानीत पुण्यास सरकारच्या ताब्यात होते, आणि कित्येक दशके संशोधकांना त्यात मोकळा प्रवेश नव्हता. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे ते दालन काही अंशी उघडले. त्या दप्तरात इनामांचे व वतनांचे पुरावे होते. म्हणजे तो कागद पाहणे हे केवळ इतिहासाचे काम नव्हते. स्वतंत्र भारतात परिस्थिती पालटली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ ने नकाशे व भूमि-अभिलेख विहित नियम व शुल्क यांस अधीन राहून पाहणीसाठी खुले ठेवले. सात-बाराचा उतारा आज कोणासही संगणकावर पाहता येतो. त्यावर खातेदाराचे नाव असते, क्षेत्र असते, बोजा असतो. याचा अर्थ असा की, जमिनीच्या बाबतीत माणसाचे नाव व त्याचा हक्क यांची सांगड उघड असणे, ही माहिती अधिकाराच्या आधीपासूनची रीत आहे. ‘वैयक्तिक’ या शब्दाची व्याप्ती ठरविताना ही रीत डोळ्याआड करणे योग्य नव्हे.

आता वैयक्तिक माहितीच्या खंडाचा, म्हणजे ८(१)(ञ) चा, स्वतंत्र विचार केला पाहिजे. इंग्रजी पाठात हाच ‘जे’ खंड होय. २००५ च्या पाठात या खंडाची रचना अशी होती : ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कार्याशी वा हिताशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने व्यक्तीच्या खासगी जीवनावर अनाठायी आक्रमण होईल, ती माहिती, व्यापक लोकहिताविषयी अधिकाऱ्याची खात्री झाली नाही तर, नाकारता येईल. त्यास एक परंतुकही जोडलेले होते. जी माहिती संसदेस वा राज्य विधानमंडळास नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीस नाकारता येणार नाही, असे ते होते. ‘अनाठायी’ या एका विशेषणाने अधिकाऱ्यास तोलून पाहणे भाग पडत असे.

या तोलण्याचे क्षेत्र न्यायनिर्णयांनी आधीच आकुंचित केले होते, हेही नमूद करणे अवश्य आहे. गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या प्रकरणाचा उगम विदर्भातला. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याची सेवाविषयक कागदपत्रे व मालमत्तेचा तपशील त्यात मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा व शिक्षेचे आदेश यांचीही गणना वैयक्तिक माहितीत केली. व्यापक लोकहित सिद्ध झाल्यास ती देता येईल, ही वाट निर्णयात मोकळी होती. पण त्यानंतरच्या नकारपत्रांत निर्णयाचा पहिला भाग उतरला आणि दुसरा गळाला.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हा खंडच बदलला. नोव्हेंबर २०२५ पासून त्याचा पाठ केवळ एवढाच आहे : वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती. येथे क्रियापद नाही, अट नाही, अटीची मर्यादा नाही. परंतुकही खंडाबरोबर गेले, असाच अर्थ सर्वसाधारणतः घेतला जातो. उरले आहे ते एक नाम आणि ‘संबंधित’ हे विशेषण. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणजे काय, याची व्याख्या माहिती अधिकाराच्या अधिनियमात नाही. माहितीची व्याख्या माहितीनेच करणारे हे वाक्यखंड अर्थदृष्ट्या चक्रक आहे. त्यात ‘संबंधित’ हा शब्द कार्यालयीन मराठीत किती ताणला जातो, हे सर्वविदित आहे. ज्या कागदावर माणसाचे नाव आहे तो प्रत्येक कागद त्या माणसाशी संबंधित असतो. नाव नसलेला शासकीय कागद मात्र विरळाच.

याहून निराळे वाक्य उपलब्ध होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दुरुस्तीची चिकित्सा अधिक नेमकी होते. न्या. अ. प्र. शहा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये खासगीपणाच्या कायद्याने माहितीचा अधिकार आकुंचित होऊ नये, असे मत दिले होते. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये या खंडात बदल सुचविला. पण त्यात हानीची कसोटी आणि ती हानी लोकहिताहून अधिक असण्याची अट, या दोन्ही गोष्टी राखल्या होत्या. म्हणजे पूर्ण वाक्य हाताशी असता अपूर्ण वाक्य निवडले गेले.

दुरुस्तीच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केल्यावर त्याचे संरक्षण अपरिहार्य झाले. हे खरे आहे. शेतकऱ्याचे बँक खाते, आधार क्रमांक, आजारपण वा कुटुंबकलह यांचे कागद कोणाच्याही हाती पडू नयेत. परंतु त्यासाठी अधिनियमात कलम १० आधीच आहे. कागदातील जो भाग अपवादात बसतो तो वगळून उरलेला द्यावा, असे ते सांगते. नाव व क्षेत्र ठेवून खाते क्रमांक झाकता येतो. दुसरा युक्तिवाद असा की, कलम ८(२) कायम आहे आणि लोकहित हानीहून मोठे असल्यास माहिती देता येते. तथापि दोन वाक्यांचे कर्ते व क्रियापदे भिन्न आहेत. जुन्या खंडात माहिती अधिकाऱ्यास स्वतः खात्री करून घ्यावी लागे. कलम ८(२) मधील कर्ता ‘सार्वजनिक प्राधिकरण’ हा आहे आणि क्रियापद ‘देऊ शकेल’ असे आहे. कर्तव्य होते तेथे मुभा आली, आणि ती टेबलामागे बसलेल्या अधिकाऱ्याऐवजी एका अमूर्त संस्थेकडे गेली.

पवनानगरच्या कागदांना हे सर्व लावून पाहिले असता एक विलक्षण स्थिती दृष्टीस पडते. कलम ८(३) असे सांगते की, अर्जाच्या दिनांकापूर्वी वीस वर्षे घडलेल्या घटनेविषयीची माहिती द्यावीच लागेल. त्यास सार्वभौमत्व, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढेच अपवाद उरतात. वैयक्तिक माहितीचा अपवाद त्यांत नाही. म्हणजे धरणासाठी झालेल्या संपादनाचे निवाडे, बाधित खातेदारांची मूळ यादी व त्या काळातील वाटप हे सर्व नव्या दुरुस्तीनंतरही खुले आहे. ‘वैयक्तिक’ असे म्हणून ते नाकारणे आजही बेकायदा ठरेल. याउलट, उरलेल्या ८६३ खातेदारांना आज वा उद्या जी जमीन दिली जाईल, तिच्या यादीवर मात्र नव्या खंडाची छाया पडू शकते. आजोबांचे नाव उघड राहील. नातवाचे नाव वैयक्तिक ठरेल.

पुनर्वसनाची तपासणी या दोन याद्या शेजारी ठेवल्यावाचून होऊच शकत नाही. ज्याची जमीन गेली त्याच्याच वारसास ती मिळाली की त्याच्या नावावर भलत्याच कोणास, हे एका यादीवरून कळत नाही. कलम ४(१)(ख) मात्र अनुदान-कार्यक्रमांच्या लाभार्थींचा तपशील आणि सवलती व परवाने मिळविणाऱ्यांचा तपशील कार्यालयांनी आपण होऊन प्रसिद्ध करावा, असे अजूनही सांगते. एकाच अधिनियमाचे चौथे कलम नावे प्रसिद्ध करण्यास सांगते आणि आठवे कलम तीच झाकण्यास शब्द पुरविते. या दोहोंचा मेळ घालावयाचा तर आठव्या कलमाचे वाचन चौथ्याच्या आधाराने केले पाहिजे. जे आपण होऊन प्रसिद्ध करावयाचे, ते मागितल्यावर नाकारता येणार नाही.

अधिनियमाच्या भाषेची मर्यादा अन्य अंगांनीही दिसते. डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातून आलेल्या याचिकेवर २००८ मध्ये असे म्हटले की, माहितीच्या व्याख्येत ‘का’ या प्रश्नाचे उत्तर येत नाही. जे कागदावर आहे तेवढेच मागता येते. त्यामुळे ‘आमचे पुनर्वसन का झाले नाही’ असा अर्ज करणाऱ्या धरणग्रस्तास माहिती मिळत नाही. ‘पुनर्वसनाच्या नस्तीवरील टिपणी द्यावी’ असे लिहिणाऱ्यास मिळू शकते. शासनाचा निर्णय ज्याला बाधतो त्यास कारणे देण्याचे कर्तव्य कलम ४(१)(घ) मध्ये आहे, पण तो स्वतंत्र मार्ग होय. हक्क वापरण्यासाठी कार्यालयाची भाषा आधी शिकावी लागते, आणि जो ती शिकलेला नाही त्याचा हक्क अपुरा राहतो.

ती भाषा शिकलेला एक नागरिक मावळातच होता. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी द्रुतगती महामार्गालगतच्या जमीनव्यवहारांचे कागद माहितीच्या अधिकारातून बाहेर काढले. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांची हत्या झाली. आठव्या कलमात जीवितास धोका उत्पन्न करणाऱ्या माहितीचा अपवाद आहे. माहिती मागणाऱ्याच्या जीविताविषयी मात्र त्या कलमात शब्द नाही. ज्या मुलखात सात-बाऱ्याचा उतारा मागण्यालाही धैर्य लागते, तेथे नकाराचे वाक्य सैल ठेवणे ही साधी लेखनचूक मानता येत नाही. माहिती अधिकृतपणे सर्वांस उघड असेल तर ती मागणाऱ्या एकट्यादुकट्याकडे बोट दाखविण्याचे कारण उरत नाही. चौथ्या कलमाचे खरे महत्त्व यात आहे.

कायद्यात पुन्हा दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोपर्यंत अपिलीय अधिकारी व माहिती आयोग यांच्या हाती एक साधी कसोटी आहे, आणि ती व्याकरणाची आहे. नकाराच्या प्रत्येक पत्रात कर्ता असावा, क्रियापद असावे आणि अट असावी. कोणी नाकारले, माहिती दिल्याने नेमके काय होईल, ती वीस वर्षांपूर्वीची आहे काय, नाव झाकून उरलेला कागद देता आला असता काय, आणि कलम ८(२) खालील लोकहिताचा विचार कोणी केला, या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या पत्रात नाहीत, ते पत्र कलम ७(८) ची पूर्तता करीत नाही, असे धरून ते परत पाठवावे. दुरुस्त खंड आखूड झाला असला तरी सातवे, दहावे व एकोणिसावे ही कलमे शब्दशः जागेवर आहेत. पवना जलाशयाखाली गेलेल्या जमिनी परत येणार नाहीत. त्या कोणाच्या होत्या आणि त्यांच्या बदल्यात कोणास काय मिळाले, हे सांगणारी वाक्ये मात्र पूर्ण करवून घेता येतात.